बांगड्या वर सारणारी बाई

ही कुठून तरी ऐकलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे. तिच्या डाव्या तळहातावर खिळ्याचा लांबलचक व्रण आहे. तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

साल १९९४. फेब्रुवारी महिना, गुरुवार.

वेळ संध्याकाळची, पावणेसहाची. म्हणजे धड अंधारही पडला नव्हता.

बहिणीचं नाव प्रियदर्शनी, माझी ताई. आम्ही आटपाडीचे. तिचे वडील आण्णा, म्हणजे माझे काका, शाळामास्तर. घरात बुद्धवंदना, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि अंगारे-धुपारे, देवऋषी, भूतबाधा असल्या गोष्टींना उंबऱ्याच्या आत जागा नाही. "माणूस मेला की संपला. मागं राहतं ते त्याचं काम," असं आण्णा म्हणायचे. ताई त्याच वळणाची. चोवीस वर्षांची, कर्णबधिर मुलांना शिकवण्याचं ट्रेनिंग नुकतंच पूर्ण केलेली.

तिला पहिली नोकरी लागली ती पाटणच्या आत. कोयनेच्या काठाने सात-आठ किलोमीटर गेलं की डोंगराला टेकून एका इनामदारांचा उन्हाळी बंगला होता. शंभर वर्षांचा. खालचा मजला काळ्या दगडाचा, वरचा सगळा सागवानी. इनामदारांची पुढची पिढी मुंबईला गेली आणि बंगला मुक्या-बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेला वापरायला मिळाला. शाळेचं नाव मी मुद्दाम सांगत नाही.

अकरा मुली वर माडीवर झोपायच्या. मुलगे खाली. मधोमध रुंद लाकडी जिना. बंगला उतारावर बांधलेला, त्यामुळे माडीच्या मागच्या दारातून पाऊल टाकलं की थेट डोंगरावरच. पण ते दार कुणी उघडत नसे. कडी गंजून गच्च बसलेली.

हेडमास्तर लालासाहेब मोहिते. शिस्तीचा माणूस. आणि स्वयंपाकाला, मुलींची वेणीफणी करायला खालच्या वाडीतल्या बयाबाई. पन्नाशीच्या, ऐन तारुण्यात नवरा गेलेल्या. त्यांच्या हातची नाचणीची भाकरी आणि काळ्या घेवड्याची आमटी ताईला अजून आठवते. पोरींना अंघोळ घालताना त्या एकसारख्या बडबडत असायच्या. ऐकू कुणालाच यायचं नाही. तरी बोलायच्या.

"आवं बाई, पोरींस्नी व्हटांची हालचाल तर दिसती का न्हाई? माया काय कानातनंच जाती व्हय?"

या बयाबाईंची एकच गोष्ट ताईला विचित्र वाटे.

दुपारी चार वाजल्यानंतर त्या जिना चढत नसत. कपडे असोत, पाण्याची कळशी असो… खालच्या पायरीवर ठेवायच्या आणि मागे वळायच्या.

"गुडघं दुखत्यात," म्हणायच्या.

पण सकाळी त्याच गुडघ्यांनी दहादा वर-खाली करायच्या.

बहिरी मुलं माणसांना आपापली नावं देतात. खुणेची. वर्गात खुणा करायला त्या काळी बंदी होती. ओठ बघायचे, गळ्याला हात लावून थरथर ओळखायची आणि आवाज काढायचा, अशी शिकवण्याची पद्धत. पण वर्ग सुटला की हात मोकळे. लालासाहेबांचं नाव, मिशीवरून फिरवलेली दोन बोटं. बयाबाईंचं नाव, फुंकणी फुंकल्यासारखी मूठ. ताईच्या हनुवटीवर तीळ आहे, म्हणून हनुवटीला लावलेलं बोट म्हणजे ताई.

महिन्याभरात ताईला सगळ्यांची नावं पाठ झाली.

एक सोडून.

उजव्या हाताने डाव्या मनगटावरच्या बांगड्या कोपराकडे वर सारायच्या… अशी ती खूण होती. बाई भाकरी थापायला बसताना सारते तशी.

मुली सहज बोलायच्या. हिनं वेणी ओढली. तिनं माझा रुमाल घेतला. बांगड्यावालीनं सांगितलं, आता झोपा.

ताईला वाटलं, हे बयाबाईंचंच दुसरं नाव असेल.

मग तिच्या लक्षात आलं. बयाबाईंच्या हातात बांगड्या नव्हत्याच.

शाळेत दुसरी बाई कोण? ताई स्वतः. ती घड्याळ घालायची.

तिने थोरल्या मुलीला विचारलं, ही कोण?

मुलगी बुचकळ्यात पडली. लालासाहेब कोण, असं विचारल्यावर पडावी तशी. तिने पुन्हा तीच खूण केली आणि जमिनीकडे बोट दाखवलं.

इथली.

जानेवारीतल्या एका दुपारची गोष्ट. मुली माडीवर चित्रं काढत बसल्या होत्या. ताई वह्या तपासत होती. बाहेर मुलगे खेळत होते, त्यांचा दंगा खालून ऐकू येत होता.

अचानक अकराच्या अकरा पेन्सिली थांबल्या.

मुलींनी तळहात जमिनीवर टेकवले. सगळ्यांनी एकदम. आणि जिन्याकडे पाहिलं.

ताईनेही पाहिलं.

कुणी नव्हतं.

तिने कान दिला. काहीच नाही. पायरी करकरली नाही, पाऊल वाजलं नाही…

पण मुलींचे डोळे हलत होते. जिन्यापासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून कपाटापर्यंत. सावकाश, सगळ्यांचे एकाच वेगाने, समोरून कुणी चालत गेल्यासारखे. एकदोघी ओळखीचं हसल्या.

नजरा मागच्या दाराशी जाऊन थांबल्या. मग पेन्सिली पुन्हा चालू झाल्या.

ताईने जमिनीवर हात ठेवला.

सागवानी फळी. थंड.

आणि त्या फळीतून तिच्या तळहाताला लागलं… धप्… धप्… धप्… अनवाणी टाचांचं चालणं. कानाला काही नाही. हाताला मात्र स्वच्छ.

ते चालणं तिच्याकडेच येत होतं.

तिने चटका बसावा तसा हात उचलला.

संध्याकाळी तिने लालासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, जुनं लाकूड आहे. घुशी असतील. आणि या खोऱ्यात जमीन सारखी बारीक हलतेच. किल्लारी झाल्यापासून तर लोकांना बसल्या जागी भूकंप वाटतो."

ताईला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

पण रात्रीची भांडी घासताना तिने बयाबाईंनाही विचारलं.

बयाबाईंचा हात थांबला.

"पोरींनी सांगितलं व्हय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"माज्या सासऱ्यांच्या टायमालाबी हुतं बाई ते. ते इनामदारांकडं गडी हुते."

"इथं कुणी मेलं होतं का? भूकंपात?"

"न्हाई वं. सदुसष्टाला आमच्या वाडीतली घरं पडली, पर ह्या बंगल्याचं कौलबी हललं न्हाई. हितं कुनी मेलं न्हाई. कवाच न्हाई."

"मग ती कोण आहे?"

बयाबाईंनी राखेने माखलेले हात पाण्यात बुडवले. बराच वेळ बाहेर काढले नाहीत.

"त्ये कुनालाच ठावं न्हाई बाई. इचारू नगा."

आता अंकिताबद्दल सांगायला हवं. कारण खरी भीती तिच्यापायी सुरू झाली.

अंकिता सात वर्षांची, खंडाळ्याकडची. वडील फौजेत. जन्मापासून ठार बहिरी. डिसेंबरात तिला आणून सोडलं तेव्हा पंधरा दिवस रडत होती. आईने जाताना ताईचे हात धरले होते. "बाई, निदान आई म्हनाया तरी शिकवा. तिचं वडील सुट्टीवर आलं की सारखं तेवढंच इचारत्यात." ताई रोज तिचा हात स्वतःच्या गळ्याला लावून 'आ' म्हणायची. अंकिताच्या तोंडून नुसता घोगरा श्वास यायचा.

जानेवारी संपता संपता ती रडायची थांबली. ताईला बरं वाटलं.

मग एकदा दुपारी ती ताईला सापडली… मागच्या दाराशी. गाल दाराला लावून, डोळे मिटून उभी. आईच्या कुशीत उभं राहावं तशी. ताईने तिला ओढून बाजूला केलं, तर दाराला जिथे गाल टेकला होता ती जागा ऊन लागत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती कडी ओढत होती. कोवळी नखं रक्ताळेपर्यंत.

ताईने विचारलं, कुठे चाललीस?

अंकिताने खूण केली. बांगड्या वर. मग 'ये' असा हात.

ती बोलावते.

ताईचा भुतावर विश्वास नव्हता. पण दाराबाहेर डोंगर होता, पुढे घळ होती, आणि लेकरू तिच्या जिम्म्यावर होतं. तिने लालासाहेबांकडून परवानगी घेतली, वाडीतला सुतार बोलावला आणि त्या दारावर दोन आडव्या फळ्या ठोकून घेतल्या. लांब खिळ्यांनी.

सुतार ठोकत होता तेव्हा अकरा मुली भिंतीला लागून उभ्या होत्या. एकीनेही ताईकडे पाहिलं नाही. त्या रात्री कुणी जेवलं नाही. अंकिताने ताईच्या हाताचा कडकडून चावा घेतला.

तो मंगळवार होता.

गुरुवारी लालासाहेब कामासाठी साताऱ्याला गेले. मुलगे पुढच्या मैदानात खेळत होते, जोतिबा वॉचमन त्यांच्यावर लक्ष ठेवून होता. बयाबाई खाली स्वयंपाकघरात. ताई माडीवर मुलींच्या वेण्या घालत होती.

पावणेसहा.

मुली पुन्हा थांबल्या. तळहात जमिनीवर.

पण या वेळी कुणी हसलं नाही.

एकीने दुसरीकडे पाहिलं… आणि सगळ्या एकदम उठल्या. धावल्या. त्या ठोकलेल्या दाराकडे. फळ्यांवर मुठी आपटायला लागल्या. बहिऱ्या मुलांचं ते ओरडणं ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. त्यात शब्द नसतात.

ताई त्यांना मागे ओढत होती, तेवढ्यात जमीन हलली.

एकच झटका. खिडकीच्या काचा खुळखुळल्या, छतातून माती पडली. थांबला.

भूकंपात काय करायचं, हे त्या खोऱ्यात सगळ्यांना पाठ. उघड्यावर जायचं. ताईने खूण केली… जिना! खाली! चला! धाकट्या दोघींना काखेला मारून ती जिन्याकडे वळली.

जिन्याच्या वरच्या पायरीवर अंकिता बसली होती. दोन्ही हात पसरून. वाट अडवून.

"अंकिता, बाजूला हो!" ती बहिरी आहे हे विसरून ताई ओरडली.

अंकिताने मान वर केली.

आणि म्हणाली,

"जिन्यानं नगं."

स्वच्छ. तुटक नाही, घोगरं नाही. आणि आवाज सात वर्षांच्या मुलीचा नव्हता. पिकलेल्या, थोड्या दमलेल्या बाईचा होता. त्या भागातल्याच बाईचा.

 एकीकडे जिना, मोकळा, बारा पायऱ्या, खाली उघडं दार आणि दारात संध्याकाळचं ऊन. दुसरीकडे तिनेच ठोकून घेतलेल्या फळ्या. तिला शिकवलेलं सगळं तिला सांगत होतं, जिन्याने जा.

ती मागे फिरली.

का फिरली, हे तिला आजही सांगता येत नाही.

लोखंडी खाटेची पट्टी उचकटून तिने फळीत घातली. पहिली फळी निघाली. दुसरी निघेना. तिने हातांनीच धरली, मुलींनी तिच्याभोवती हात घातले, आणि सगळ्यांनी मिळून हिसका दिला. खिळा तिच्या तळहातातून आरपार ओढला गेला. त्या वेळी तिला कळलंही नाही.

गंजलेली कडी आता कशी काढायची…

तिने हात लावला. कडी सहज सरकली. रोज तेल घातल्यासारखी.

मुली बाहेर पडल्या. गवतावर, डोंगरावर, उघड्या हवेत. ताईने मोजल्या. नऊ, दहा, अकरा. अंकिता सगळ्यात शेवटी आली, स्वतःच्या पायांनी, शांतपणे.

ताईने तिला छातीशी धरलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने बांगड्यांची खूण करून विचारलं… ती कुठे आहे?

अंकिताने बंगल्याकडे बोट दाखवलं. मग खाली. मग मूठ तोंडाशी नेऊन फुंकणी फुंकली.

ती खाली गेलीय. बयाबाईंना आणायला.

"बयाबाई!" ताई किंचाळली. "बाहेर पळा!"

दुसरा झटका आला तो जमिनीच्या पोटातून. आधी गडगडाट, मग धक्का. बंगल्याची पुढची भिंत क्षणभर फुगली आणि जिन्यासकट आत बसली. सदुसष्टच्या भूकंपात ज्याचं कौल हललं नव्हतं, तो बंगला भाकरी मोडावी तसा मधोमध मोडला. धुळीचा लोट डोंगरापर्यंत आला.

मैदानातले मुलगे सुखरूप होते. अकरा मुली सुखरूप होत्या.

बयाबाई जिन्याखाली सापडल्या. जोतिबा आणि वाडीतल्या माणसांनी दोन तासांनी बाहेर काढल्या, तेव्हा धुगधुगी होती. कऱ्हाडच्या दवाखान्यात दोन्ही पाय गुडघ्याखाली काढावे लागले.

सगळ्यांना एकच कोडं पडलं. स्वयंपाकघराचं अंगणाकडचं दार चुलीपासून चार पावलांवर. पहिल्या झटक्याला बाहेर पडायचं सोडून ही बाई जिन्यावर काय करत होती? चारनंतर जिन्याला पाय न लावणारी बाई?

आठवड्याने ताई भेटायला गेली. हाताला पट्टी होती. बयाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. 

"पोरी बऱ्या हायत न्हवं?"

"आहेत. सगळ्या."

"मग मला का बोलावलंसा बाई?"

"मी?"

"तुमीच की. वरनं हाक मारलीसा. मी भाईरच निगाले हुते. म्हनलं, तुमी एकल्या, अकरा पोरी… म्हनून चढले. न्हाईतर मी चढले असते व्हय?"

ताईने शपथ घेतली. मी हाक मारली नाही. मी मागच्या डोंगरावर होते. मी 'पळा' म्हणाले, 'या' म्हणाले नाही.

"आवाज तुमचाच हुता," बयाबाई म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

पेपरात ताईचं नाव आलं. सत्कार झाले, शाल-नारळ मिळाले. शाळा कऱ्हाडला भाड्याच्या जागेत गेली. अंकिता त्या दिवसानंतर पुन्हा कधी बोलली नाही. तिच्या आईला ताई काय सांगणार? तुमची मुलगी बोलली, पण तो आवाज तिचा नव्हता?

ताई दर दिवाळीला बयाबाईंच्या वाडीला जायची. लुगडं, फराळ, औषधं घेऊन. बयाबाई कधी रागावल्या नाहीत. पण दर वर्षी निघताना तेच विचारायच्या. "का बोलावलंसा?" आणि दर वर्षी परतीच्या एसटीत ताई स्वतःलाच विचारायची, खरंच मारली का मी हाक? त्या गोंधळात तोंडून निघून गेलं असेल का?

१९९९ च्या दिवाळीत ती गेली तेव्हा बयाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. आवाज खोल गेला होता. त्यांनी ताईला जवळ बसवलं.

"बाई, लय दिस मनात हाय. सांगून टाकते. तुमी माजी चूक धरू नगा."

"सांगा ना."

"तुमी मला कायम आवं-जावं करता. बयाबाई, हे करा. बयाबाई, ते द्या. एकदाबी एकेरी बोलला न्हाईसा."

"हो. मग?"

"त्या दिवशी वरनं हाक आली ती… 'बये, वर ये गं' अशी."

ताई आणखी जवळ वाकली.

"आवाज तुमचा हुता. पर असं मला साऱ्या जल्मात एकच मानूस बोलवायचं. आनि त्ये मी तरनी असतानाच गेलं."

"कोण, बयाबाई?"

 बयाबाईंनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. ताई दिवेलागणीपर्यंत बसून राहिली. त्या पुन्हा बोलल्या नाहीत. चार दिवसांनी गेल्या.

ताई आता सांगलीला असते. कुणी विचारलं तर भुतावर विश्वास नाही, असंच सांगते. पण तिच्या दोन मजली घरात ती कुणालाही वरून हाक मारत नाही. मुलांना नाही, नवऱ्याला नाही. काही सांगायचं असलं की जिना उतरते, माणसाच्या समोर येऊन उभी राहते, आणि मग बोलते.

शेजाऱ्यांना वाटतं, शाळेची सवय असेल. बहिऱ्या मुलांशी तसंच बोलावं लागतं ना.